केसाएवढी रेषा

‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावरचं नाव एकदा अगदी जवळून बघा. त्यातला ओ सगळीकडे एकसारख्या जाडीचा नाही. त्याच्या डाव्या-उजव्या बाजू काळ्याभोर आणि भरीव आहेत. तीच रेषा वर चढताना निमुळती होत जाते आणि माथ्यावर केसाएवढी उरते. खालच्या बाजूलाही तसंच. जीच्या आणि ईच्या टोकांना ज्या पट्ट्या आहेत, त्या तर ब्लेडने ओढल्यासारख्या वाटतात.

अशा टाइपांना हाय काँट्रास्ट सेरिफ म्हणतात. सेरिफ म्हणजे अक्षराच्या दांड्याच्या टोकाला असलेली छोटी पट्टी किंवा पाऊल. काँट्रास्ट या शब्दाने मात्र गोंधळ होतो, कारण आपल्या डोळ्यांपुढे काळा-पांढरा येतो. टाइपच्या भाषेत काँट्रास्ट म्हणजे एकाच अक्षरातल्या सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक रेषेमधला फरक. रोजच्या पुस्तकी टाइपात जाड रेषा बारकीच्या दुप्पट-तिप्पट असते. मासिकांच्या मथळ्यांत ती दहापट, पंधरापट, कधी त्याहूनही जास्त असते.

मासिकाची किंवा पुस्तकाची मांडणी करणाऱ्या प्रत्येकाला हा टाइप कधी ना कधी मोहात पाडतो. तो वापरताना जे बिघडतं, ते जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी बिघडतं: त्या बारीक रेषेपाशी. जाड दांडा कुठेही, कसाही छापला तरी तगून राहतो. बारीक रेषा किती बारीक असावी हे मात्र अक्षर किती मोठं दिसणार आहे त्यावर ठरतं. म्हणून ही सगळी गोष्ट त्या रेषेच्या बाजूने सांगतो.

टाक, तांबं आणि कागद

अक्षरात जाड-बारीक आलं ते लेखणीमुळे. दोन पेन्सिली एकमेकींना चिकटवून रबरबँडने बांधा, दोन्ही टोकं कागदाला टेकवा आणि हात न फिरवता एक मोठा ओ काढा. दोन रेषांमधलं अंतर काही ठिकाणी रुंदावेल, काही ठिकाणी मिटून जाईल. चपट्या तोंडाची लेखणी हेच करते. जाडी लेखणीच्या कोनातून येते, म्हणून अशा ओमधला सगळ्यात बारीक भाग तिरका पडतो आणि अक्षर किंचित कललेलं भासतं. पंधराव्या-सोळाव्या शतकातले रोमन टाइप या हातातून आले. त्यांतला जाड-बारीक फरक मवाळ आहे.

टाकाची तऱ्हा वेगळी. टोकदार निबेच्या दोन पाती असतात. दाब दिला की त्या फाकतात आणि रेषा जाड होते, दाब काढला की मिटतात. आता हे करून बघितल्याशिवाय पटत नाही, पण दाब फक्त खाली ओढतानाच देता येतो. वर किंवा आडवं जाताना दाबलंत तर निब कागदात रुतते आणि शाई उडते. त्यामुळे टाकाच्या अक्षरात खाली येणाऱ्या उभ्या रेषा जाड आणि बाकीच्या सगळ्या तलम होतात. ओचा बारीक भाग बरोबर माथ्यावर आणि तळाशी येतो, अक्षर ताठ उभं राहतं. या टाइपांत सी किंवा आरच्या टोकाला जो गोल थेंब दिसतो, त्याची आठवणही टाकाकडेच नेते: रेषा संपताना निब टेकून राहिली की तिथे शाई साचते. डच अक्षरकार खेरिट नोर्डझाय यांनी या दोन लेखण्यांच्या फरकावरच अक्षरांचा सगळा सिद्धांत उभा केला. मला तरी त्याहून स्वच्छ स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

टाकाच्या अक्षरांचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. तांब्यात हवी तितकी बारीक रेषा कोरता येते. खिळ्यांच्या छपाईत ती येत नव्हती. शिशाच्या खिळ्याचं उठावाचं तोंड कागदावर दाबलं जाई, कागद ओला करून घेतलेला असे, शाई कडेने पसरे. त्यात कागद ज्या जाळीवर गाळला जाई तिच्या तारांच्या धारी त्याच्यावर उमटलेल्या असत. केसाएवढ्या रेषेने त्या धारींवर टिकायचं कसं?

हे कोडं बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने सोडवलं. तो मूळचा लेखनशिक्षक, म्हणजे टाकाचं अक्षर त्याच्या बोटांत होतं. पुढे लाखकामाच्या धंद्यात त्याने पैसा केला आणि तो छपाईत ओतला. टाइप बदलायचा तर भोवतालचं सगळं बदलावं लागेल हे त्याने ओळखलं. जास्त काळी शाई तयार केली, छपाईयंत्रात सुधारणा केली, विणलेल्या जाळीवर गाळलेला गुळगुळीत कागद वापरला आणि छापलेली पानं गरम पत्र्यांमध्ये दाबून तुकतुकीत केली. १७५७ साली त्याने व्हर्जिलच्या काव्याचं पुस्तक छापलं. त्यातल्या बारीक रेषा तेव्हाच्या नेहमीच्या इंग्रजी छपाईपेक्षा उठून दिसत होत्या.

लोकांनी नावं ठेवली. १७६० मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने बास्करव्हिलला लिहिलेल्या पत्रात एक किस्सा आहे. एक गृहस्थ फ्रँकलिनला म्हणाले, या माणसाच्या अक्षरांतल्या रेषा इतक्या बारीक आणि अरुंद आहेत की तो सगळ्या देशाचे डोळे घालवणार. फ्रँकलिन स्वतः मुरलेला मुद्रक. त्याने विल्यम कॅस्लन या इंग्रज टाइपकाराच्या टाइपांचा नमुनाकागद घेतला, वरचं नाव फाडून टाकलं आणि हाच बास्करव्हिलचा नमुना म्हणून त्या गृहस्थांपुढे ठेवला. मला यात काही दोष दिसत नाही, तुम्हीच दाखवा, म्हणाला. गृहस्थांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून दोष दाखवले, वर डोळे दुखतात असंही सांगितलं. कॅस्लनची अक्षरं म्हणजे ते आयुष्यभर बिनतक्रार वाचत आलेली अक्षरं.

हा किस्सा सांगून लोक थांबतात आणि बास्करव्हिल जिंकला असं समजतात. मला तो अर्धाच पटतो. त्या गृहस्थांचा पूर्वग्रह उघडा पडला हे खरं, पण अतिबारीक रेषा वाचताना त्रास देते ही शंका काही चुकीची नव्हती. फक्त त्यांनी ती चुकीच्या माणसावर घेतली. बास्करव्हिलचा टाइप आज आपल्याला अगदी सौम्य वाटतो. खरी कड गाठली ती पुढच्या पिढीने.

पॅरिसमध्ये दिदो घराणं पिढ्यान्‌पिढ्या छपाईच्या धंद्यात होतं. त्यातल्या फर्मां दिदोने १७८० च्या दशकात असा टाइप कापला, की ज्याच्या सेरिफ पट्ट्या सरळ सपाट झाल्या. दांडा आणि पट्टी यांच्यामधली वळणदार जोडणीच गेली. इटलीत पार्माच्या ड्यूकने १७६८ साली जाम्बात्तिस्ता बोडोनीला आपला छापखाना चालवायला बोलावलं होतं. तोही पुढे त्याच वाटेने गेला. दोघांची अक्षरं शेजारी ठेवली तर दिदो जास्त धारदार आणि कोरडा दिसतो, बोडोनीचे दांडे वजनदार आणि पट्ट्या किंचित मऊ असतात. १९५४ मध्ये माक्सिमिलियाँ व्हॉक्स या फ्रेंच माणसाने टाइपांचं वर्गीकरण केलं, तेव्हा या दोघांची नावं जोडून ‘दिदोन’ असा गटच केला. आजचे बहुतेक मासिकी टाइप या गटातले किंवा त्याचे नातेवाईक.

हे सुंदर का वाटतं

एक कारण साधं आहे. या अक्षरांत हाताची थरथर, लेखणीचा कल असं काही उरलेलं नाही. उभं म्हणजे उभं, आडवं म्हणजे आडवं. मोठ्या आकारात असा शब्द पानावर इमारतीच्या दर्शनी भागासारखा उभा राहतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बारीक रेषेला भोवती मोकळी जागा लागते, गर्दीत ती दिसतच नाही. बोडोनीची पुस्तकं बघा: रुंद समास, ओळींमध्ये ऐसपैस अंतर, पानावर थोडाच मजकूर. म्हणजे हा टाइप वापरायचा तर कागद चांगला हवा, छपाई नेमकी हवी आणि जागा सोडण्याची तयारी हवी. या तिन्ही गोष्टी महाग. डोळा ते हिशेब मांडत बसत नाही, पण केसाएवढी रेषा न तुटता छापलेली दिसली की इथे काळजी घेतलेली आहे हे त्याला कळतं. ज्याला आपण या टाइपाचा दिमाख म्हणतो, तो बराचसा त्या काळजीचा दिमाख आहे.

फॅशन मासिकांनी तो अचूक हेरला. अलेक्सी ब्रोडोविच १९३४ पासून १९५८ पर्यंत ‘हार्पर्स बझार’चा कलासंपादक होता. मोठं छायाचित्र, भरपूर पांढरी जागा आणि दिदो-बोडोनी घराण्यातले मथळे ही जोडी त्याने अशी बसवली, की नंतर ती त्या प्रकारच्या मासिकांची ओळखच झाली.

आणि तुटतं कुठे

आता थोडं गणित. समजा एखाद्या टाइपात सगळ्यात बारीक रेषा अक्षराच्या आकाराच्या एक टक्का आहे. ७२ पॉइंटच्या मथळ्यात (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) ती ०.७२ पॉइंट, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर होते. नाजूक, पण ठणठणीत. तोच टाइप ९ पॉइंटला मजकुरासाठी घेतला की रेषा होते ०.०९ पॉइंट, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसावा भाग. छापखान्यात पाव पॉइंटपेक्षा बारीक रेषा देऊ नका असं सर्रास सांगतात. इथे आपण त्याच्या निम्म्याहूनही खाली आलो.

मग अक्षराचं काय होतं? ईच्या छोट्या रूपातली आडवी रेषा जाते आणि तो सीसारखा दिसायला लागतो. एनची कमान दांड्याला जिथून फुटते तो सांधा गळतो आणि दोन सुटे दांडे उरतात. गंमत अशी की अक्षर ओळखू येतं ते बऱ्याचदा याच सांध्यांवरून, जाड दांडे तर सगळ्यांचे सारखेच. मिनिमम हा इंग्रजी शब्द अशा टाइपात बारीक आकारात लावून बघा. शब्द वाचता येत नाही, कुंपणाच्या फळ्या मोजल्यासारखं होतं. असं पानभर झालं की काळ्या पट्ट्या डोळ्यांपुढे लुकलुकायला लागतात. बास्करव्हिलला दोष देणारे ते गृहस्थ इथे आले असते तर मी त्यांना खुर्ची दिली असती.

बोडोनीला हे ठाऊक होतं. त्याच्या काळी प्रत्येक आकाराचा टाइप वेगळा कापावा लागे. पोलादी पंचावर, म्हणजे ज्या ठशावरून खिळ्याचा साचा बने त्यावर, त्याच आकारात, हाताने. छोट्या आकारासाठी कापताना बारीक रेषा थोडी जाड ठेवायची, अक्षर थोडं रुंद करायचं, आतल्या पोकळ्या आणि दोन अक्षरांमधली जागा वाढवायची, हे कारागीर करतच आले होते. बोडोनीच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने, मार्गेरिता दाल्लाल्यो हिने, १८१८ मध्ये त्याच्या टाइपांचा नमुनाग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात एकमेकांना इतके जवळचे आकार आहेत की आज आपल्याला ते अनावश्यक वाटावेत. त्याच्यासाठी तो प्रत्येक आकार वेगळा टाइप होता.

ही समज हळूहळू हातातून निसटली. १८८० च्या दशकात अमेरिकेत लिन बॉइड बेंटनने पंच कोरणारं यंत्र आणलं. एका मोठ्या रेखाटनावरून वेगवेगळ्या आकारांचे पंच काढता यायला लागले. जाणकार लोक तेव्हाही आकारानुसार बदल करत, पण आता ते केलेच पाहिजेत अशी सक्ती उरली नाही. पुढे फोटोटाइप आला. एकच काचपट्टी, भिंगाने हवी तेवढी मोठी करा. संगणकावरच्या सुरुवातीच्या फाँटचंही तेच झालं. त्यात आणखी एक चूक मिसळली. जुन्या बोडोनीच्या खिळ्यावरची रेषा कागदावर उमटताना शाई पसरून थोडी जाड होई, हे धरूनच ती खिळ्यावर बारीक कापलेली असे. आजच्या गुळगुळीत कागदावर आणि ऑफसेटवर शाई तितकी पसरत नाही. म्हणून खिळ्याची रेषा जशीच्या तशी उतरवलेला बोडोनी मुळापेक्षा जास्त ठिसूळ दिसतो.

दुरुस्ती १९९० च्या दशकात सुरू झाली. ‘हार्पर्स बझार’ची नव्याने मांडणी होत असताना अमेरिकी टाइपकार जोनाथन हेफ्लर यांनी त्या मासिकासाठी दिदो काढला. तो एक फाँट नव्हता, सात आकारांसाठी सात वेगळी रेखाटनं होती: ६, ११, १६, २४, ४२, ६४ आणि ९६ पॉइंट. कल्पना अशी की १६ ला १६ चा आणि ९६ ला ९६ चा वापरला, की दोन्हीकडे बारीक रेषा छापल्यावर जवळपास सारखीच तलम दिसते. आयटीसी या टाइप कंपनीच्या १९९४ च्या बोडोनीसाठी रेखाटणारी मंडळी पार्माला जाऊन मूळ पंच बघून आली आणि त्यांनी ६, १२ व ७२ पॉइंटच्या तीन आवृत्त्या काढल्या. तीनच, पण ६ आणि ७२ शेजारी ठेवले तर एकाच घरातले असूनही एक धट्टाकट्टा आणि दुसरा सडपातळ दिसतो. याला ऑप्टिकल साइझ म्हणतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली समजून घ्यायची एकमेव गोष्ट हीच आहे.

पडद्यावर तर गणित आणखी कडक होतं. १६ पिक्सेलच्या मजकुरात एक टक्का म्हणजे ०.१६ पिक्सेल. पिक्सेलचा सहावा भाग पेटवता येत नाही, म्हणून संगणक तो अख्खा पिक्सेल फिकट राखाडी करतो. तुम्हाला काळी बारीक रेषा हवी होती, मिळाली पुसट सावली. दाट पिक्सेलच्या फोनवर परिस्थिती सुधारते, पण तिथेही मजकुराच्या आकारात ती रेषा अर्ध्या पिक्सेलपर्यंत कशीबशी पोचते.

यावरचा नवा उपाय म्हणजे व्हेरिएबल फाँट. अडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो २०१६ मध्ये एकत्र जाहीर केला. एकाच फाइलमध्ये जाडीसारखाच ऑप्टिकल साइझचाही अक्ष, म्हणजे कमी-जास्त करता येणारी पट्टी, ठेवता येतो. ‘बोडोनी मोडा’ या मुक्त फाँटमध्ये तो ६ पासून ९६ पर्यंत जातो. वेबपानावर असा फाँट त्याच्या अक्षासकट घेतला, तर ब्राउझर आकार बघून योग्य रूप आपोआप निवडतो. अडचण एवढीच की पुष्कळ जण फाइल हलकी करण्यासाठी हा अक्षच गाळतात, आणि मग बारीक मजकूर का तुटतो म्हणून फाँट बदलत बसतात. आधी अक्ष आहे का बघा. फाँटच्या नावात डिस्प्ले लिहिलेलं असेल तर तो मथळ्याचा. टेक्स्ट किंवा कॅप्शन असेल तर तो लहान आकाराचा. ही नावं शोभेची नसतात.

वापराबद्दल थोडं. मथळ्यात अक्षरांमधली जागा जराशी आवळा, या टाइपाला ते शोभतं. लहान आकारात मात्र आवळू नका. ओळींमधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त द्या. उभे दांडे नजरेला खाली खेचतात, तिला ओळीवरून पुढे न्यायला त्या पांढऱ्या पट्टीची मदत होते. आकडे, परिच्छेदाच्या सुरुवातीचं मोठं अक्षर, मोठ्या आकारातलं अवतरण या जागा या टाइपाच्या हक्काच्या. इटॅलिक तर जरूर वापरा, त्यात टाकाचं मूळ सगळ्यात छान दिसतं.

काळ्यावर पांढरी अक्षरं हा मात्र सापळा आहे. तिथे शाई चारी बाजूंनी आत सरकते आणि बारीक रेषा गिळते. मी एकदा काळ्या पट्टीवर पांढऱ्या फोटोओळी याच प्रकारच्या टाइपात लावल्या होत्या, ८ पॉइंटमध्ये, मथळ्याच्याच रूपात. पडद्यावर पान दुप्पट मोठं करून बघत होतो, सगळं झकास. छापून आलं तेव्हा अर्ध्या ओळींत ईचे सी झाले होते. चार रंगांच्या मिश्रणातून केलेल्या रंगीत अक्षरांचंही असंच होतं. चार ठसे एका केसाएवढ्या रेषेवर नेमके बसवायचे, आणि त्यातला एक जरी किंचित सरकला तर रेषेला झालर येते. अशा वेळी एकाच शाईचा रंग निवडावा.

देवनागरीच्या जोडीला हा टाइप लावताना एक पेच पडतो. बोरूची कत, म्हणजे टोकाचा तिरपा काप, रोमन लेखणीच्या उलट्या बाजूने कापलेली असते, त्यामुळे आपल्या अक्षरांत जाड-बारीक उलट्या तिरप्या दिशेने पडतं. शिवाय शिरोरेषा आणि काना बोरूतून साधारण सारख्याच जाडीने उतरतात. दिदोचा नियम म्हणजे उभं जाड आणि आडवं बारीक. तो तसाच लावला तर शिरोरेषाच केसाएवढी होते आणि शब्दाला बांधणारा धागा जातो. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ देवनागरी आणि रोमन दोन्हींत टोकाचा काँट्रास्ट घेऊन उभा आहे, पण तोही मथळ्यांसाठीच. मजकुरात दोन्ही लिप्या शेजारी येणार असतील तर काँट्रास्टची बरोबरी करायच्या मागे लागू नये. दोन्हींचे जाड दांडे आणि परिच्छेदाचा एकूण काळेपणा जुळला की पुरतं.

आणि पान पक्कं करण्यापूर्वी ते शंभर टक्के आकारात, ज्या कागदावर छापायचं आहे त्याच कागदावर काढून घ्या. वेबपान असेल तर साध्या, जुन्या पडद्यावर उघडा. हातभर अंतरावर धरा आणि सगळ्यात लहान अक्षरातल्या ईची आडवी रेषा शोधा. ती न शोधता दिसली तर पान छापायला द्या. शोधावी लागली तर एक पायरी खालचं ऑप्टिकल रूप लावा आणि पुन्हा काढा.